साडेतीन वीत

मेणाच्या गोळीवर नखाची एक खाच होती, आणि ती आपली नव्हे हे चतुराबाईला गोळी हातात घेण्याआधीच कळलं. आपला दोरा मेणावरून सरळ ओढला जातो, गोळीला मधोमध एकच चर पडतो. ही खाच तिरपी होती, उथळ, घाईची… म्हणजे काल दुपारी आपण जरा आडवं झालो तेव्हा सुनेने दोरा ओढला. महिनाभर शिवायला बसायचं नाही असं बजावलेलं असताना ओढला. दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात निता पाठमोरी बसून चामड्याच्या पट्ट्यांना रिबिटा ठोकत होती — ठक, ठक, ठक — आणि त्या ठोक्यांतही चतुराबाईला उर्मटपणा ऐकू येत होता. तोंडाने बोलत नाही ना, मग हातोडीने बोलते.

"माह्या मेणाले कोणं हात लावला व?"

"मी लावला, आत्याबाई. थैलीचा एक पट्टा उसवला होता."

"उसवला होता, का तुवा उसवला?"

ठक, ठक.

हे असं. उत्तर द्यायचं नाही आणि उत्तर न देण्यातून माणसाला खोटं पाडायचं. महिन्यापूर्वी इंझोरीचा तो माणूस बुलेटची फाटकी सीट घेऊन भर रस्त्यात ओरडला, चार पावसाळे टिकेल म्हणाली होती बाई, चार आठवडे टिकली नाही — कोपऱ्यावरचे टाके कातडं घेऊनच फाटले होते, कुणी दोन्ही बाजूंनी ओढून धरावं तसे. त्याच्यामागे आठ दिवसांनी रिठदचा आला. त्याचीही बुलेटच, तोच कोपरा, तशीच फाट. चतुराबाईने आधी त्यांनाच झाडलं, सीटखाली जास्तीचा स्पंज भरला असेल तुमी, म्हशीवर बसल्यासारखं वाटावं म्हणून. मग कातड्यावर खापर फोडलं. आणि मग, रस्त्यावर माणसं थांबलेली पाहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली होती, माही सून शिवते आता, तिले टाका धरता येत नाही, कातडं खाते तिचा टाका… निताने तेव्हा मान वर केली होती. रडली नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं, रडणाऱ्या बाईला गप्प बसवता येतं. तिने नुसतं पाहिलं, चतुराबाईच्या तोंडाकडे नाही, हाताकडे.

हाताकडे काय पाहायचं होतं तिला? या हाताने मंगरूळपीरात दुकान उभं केलं. सासरे मोटा शिवायचे, बैलांचे पट्टे शिवायचे. विहिरींवर पंप बसले, बैल गेले, आणि मारोतराव — तिचा नवरा — हात मांडीवर ठेवून ओट्यावर बसला तो बसलाच. तेव्हा चामडं कापायची रापी तिने उचलली. दर्ग्याच्या रस्त्याला मोटारसायकल उभी दिसली की सीट चाचपायची, उगाच, भाजी चाचपावी तशी. आणि चामडं असं कापायची की पोटाकडचं ढिलं कातडं सीटला कधीच यायचं नाही, फक्त पाठीचं, जे उन्हापावसात ताणत नाही. ज्यांच्या आजोबांनी तिच्या सासऱ्याला ओसरीवर चढू दिलं नाही, त्यांची नातवंडं आज तिच्या कातड्यावर ढुंगण टेकून तालुकाभर हिंडतात. हिंडा म्हणावं. टेका अजून नीट.

आणि माप? गाडी आणायची गरजच नसे. फोनवर नाव सांगा, माप मी सांगते. कोणत्या गाडीची सीट किती वीत, टाकीचं झाकण किती, मागची थैली किती — सगळं डोक्यात. दुसरीत शाळा सुटली, टेपवरचे बारीक आकडे तिला मुंग्यांची रांग वाटतात, पण वीत आपली आपल्याजवळ असते, ती कुणी मागून नेत नाही, विसरून राहत नाही. बुलेट म्हणजे साडेतीन वीत. झोपेतून उठवून विचारा.

बुलेट दुपारी आली. हेमसिंग, तांड्यावरचा, धुळीने पांढरा झालेला, आणि खाली त्याच्या बापाची गाडी. सीटवरचं कातडंही चतुराबाईचंच, अठरा वर्षांपूर्वीचं. काळं पडलेलं, गुळगुळीत, पण एक टाका सुटलेला नाही.

"मावशी, पुरा सेट पाह्यजे. सीट, टाकीचं झाकण, दोन बाजूनं दोन थैल्या. एकाच कातड्याचं. आमी पाच जण लद्दाखले जाऊन राह्यलो."

"तांड्यावरून वाशीमले जाता जाता तुह्या गाडीचा प्लग तीनदा जाते. लद्दाखले काय खांद्यावर नेशील?"

हेमसिंग हसला. जुनं कातडं पाहून म्हणाला, बापाने लग्नात एवढी काळजी नाही केली माझी जेवढी याची केली. मग गाडी तिथेच ठेवून चहाला गेला.

नवं कातडं अंथरलं होतं. म्हशीचं, पाठीचं, एकसारख्या जाडीचं. असं वर्षातून एखादं हाती लागतं, चुकीचं कापलं की गेलं. चतुराबाईने खडू घेतला आणि पहिली वीत टाकली.

"आत्याबाई," मागून आवाज आला, "टेप लावू का?"

पुन्हा. महिन्याभरात कितव्यांदा. जेवण वाढू का विचारावं तशा आवाजात.

"टेप तुह्या माहेरी लाव. तिथं काय मोजत होते तं मोज."

"तसं नाही…"

"कसं नाही? इकडं पाह्य." अंगात काहीतरी चढलं होतं. तिने सीटवरचं जुनं कातडं खालच्या पिना उपटून काढलं, नव्या कातड्यावर पसरलं. "अठरा वर्षं झाले. मी कापलं, मी शिवलं. साडेतीन वीत. तुह्या टेपचा जनम झाला नव्हता. मोज माह्यासंगं. एक…" अंगठा, करंगळी, अंगठा. "दोन. तीन. अन अर्ध—"

अर्ध्यावर कातडं संपलं नाही.

करंगळी जिथे टेकली त्याच्यापुढे कातडं होतं, दोन बोटं, काळं, वळकटी पडलेलं, आपलंच. चतुराबाईने हात तसाच राहू दिला, जणू मुद्दाम ठेवला आहे.

"काय झालं, आत्याबाई?"

"काई नाही. माठ रिकामा हाय. जाय, पाणी घेऊन ये."

निता उठली, घागर घेतली, गेली. चतुराबाईने पुन्हा मोजलं. मग उलट्या टोकाकडून मोजलं. अठरा वर्षं माणसं बसली, ताणलं असेल… हो, ताणलं असेल, कातडं आहे ते, लोखंड नाही. पण पाठीचं कातडं ताणत नाही हे जगाला सांगत फिरणारी मीच ना? आणि समजा कातडं ताणलं, तर मेणाचा दोरा ताणतो का? शिवण आहे तेवढीच राहते. वितीला दोन विसा, चाळीस टाके, हा तिचा नेम. पहिल्या दिवसापासून, डोळे मिटून. एक कमी नाही, एक जास्त नाही. तिने अंगठा शिवणीच्या टोकावर ठेवला, करंगळी पसरली, आणि डाव्या हाताच्या नखाने टाके मोजले. एक वीस. दुसऱ्या विसातल्या अठराव्या टाक्यावर करंगळी आली आणि तिथेच थांबली. ताणली. मनगटातून कळ निघाली, बोट वाकलेलंच राहिलं, विळ्यासारखं.

दोन विसांना दोन कमी.

साडेतीन वितींना सात टाके कमी… सात टाके म्हणजे दोन बोटं. म्हणजे इंझोरीची सीट दोन बोटं अपुरी, म्हणजे रिठदची दोन बोटं अपुरी, ओढून ओढून बसवलेली, आणि फाटली ती टाक्याने नाही. मी डोक्यातून काढलं जुन्या हाताचं माप आणि कापलं या हाताने. हा हात कधी आला? कोणत्या रात्री येऊन बसला माझ्या मनगटावर? सांगून तरी यायचं. तिला त्या हाताचा राग आला, अगदी परक्या माणसाचा येतो तसा, उंबऱ्यात चप्पल न काढता घरात शिरलेल्या माणसाचा. मग तिने जुनं कातडं नव्यावर दाबून धरलं आणि त्याच्याच कडेने खडू फिरवला, रापी चालवली. वीत न टाकता. चोरासारखं, जुन्या चतुराबाईच्या मापाने. कापणी सरळ झाली. त्याचाही राग आला.

निता पाणी घेऊन आली, कापलेल्या तुकड्याकडे पाहिलं, शेजारी पडलेल्या जुन्या कातड्याकडे पाहिलं, आणि जाऊन हातोडी उचलली.

हेमसिंग परत आला तो कापलेलं कातडं हातात घेऊनच बोलायला लागला. "वा. मावशी, तुहा हात अजून तसाच हाय. पण एक सांगतो, शिवजो बी तूच. इंझोरीवाला तं सगळीकडं सांगून राह्यला, त्या दुकानात आता सून शिवते, तिच्यानं टाका धरवत नाही म्हणे. माह्या गाडीले तिचा हात नको."

हातोडी चालू होती.

आपलेच शब्द. आपणच त्या माणसाच्या तोंडात घातलेले, आणि आता ते तालुका हिंडून, दुसऱ्याची धूळ अंगावर घेऊन परत आपल्याच दुकानात येऊन बसले.

"तुले टाक्यातलं काय समजते बे? लद्दाखले जाणारा! टाका पोरीचा चांगला हाय. माह्याहून बारीक हाय."

"मंग फाटलं काहून?"

"फाटलं ते कापण्यानं…"

हातोडी थांबली. रस्त्यावरून एस.टी. भोंगा वाजवत गेली. हेमसिंग हसत होता, भाबडेपणाने, उत्तराची वाट पाहत. "कापलं कोणं मंग?"

एक शब्द. मी. एवढासा शब्द, दुसरीच्या पुस्तकातला. चतुराबाईच्या जिभेवर तो आला, तिथे फिरला, बोर चोखावं तसा… आणि तिने तो गिळला.

"कातडं," ती म्हणाली. "कातडंच खराब होतं. पोटाकडचं दिलं होतं व्यापाऱ्यानं."

ठक, ठक, ठक.

हेमसिंग परवा येतो म्हणून गेला. ऊन फळ्यांच्या फटीतून आत आलं होतं, कातड्याच्या चुऱ्यावर पडलं होतं. निता मान न उचलता म्हणाली, "कातडं चांगलं होतं, आत्याबाई. पाठीचंच होतं."

"तुले ठाऊक होतं!"

"दिवाळीपासून. तुमची करंगळी उघडत नाही. भाकर थापतानी दिसते."

"अन बोलली नाहीस? भर रस्त्यात मी तुले बोलली तरी? माही फजिती पाह्यत बसली?"

"टेप लावू का म्हणून रोज विचारत तं होती."

"टेप! बोट म्हणाचं होतं, बोट!"

"म्हटलं असतं तं ऐकलं असतं तुमी?"

चतुराबाईला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. लाज राखली हिने माझी, महिनाभर. कुणी सांगितलं होतं राखायला? दया करते! माझ्या घरात येऊन माझ्यावर दया करते… आणि तरी तिच्या तोंडातून निघालं ते वेगळंच.

"इकडं ये. हात ठेव इथं. अंगठा टोकावर. ताण."

निताने हात ठेवला. उन्हात तो हात तांबूस दिसत होता, रिबिटांचे काळे डाग पडलेला, बोटं सहज उघडणारी. चतुराबाईने नखाने टाके मोजले. वीस. आणखी वीस. आणखी तीन.

"जास्त होते," निता म्हणाली.

"दिसते मले."

क्षणभर तिला बरं वाटलं, दुष्टपणाने, गोड. नाही बसली! हिचीही नाही बसली. मोठी आली होती… आणि ते बरं वाटणं सरता सरता खालून दुसरंच काही वर आलं, थंड, पायाकडून. हिची बसत नाही. माझी बसत नाही. मग डोक्यात जे आहे ते कुणाचं? लहान गाड्यांची सीट अडीच वीत, मोठीची तीनला चार बोटं कमी, दूधवाल्याच्या थैल्या, पोस्टमनची थैली, पन्नास गाड्या, शंभर गाड्या, अजून एकही विसरलेली नाही मी, सगळं जागच्या जागी — आणि ज्या हाताने ते मोजलेलं, तो हात जगात कुठेच नाही. सांगायचं ठरवलं तरी कशात सांगू? हिला सांगू की साडेतीन, आणि ही विचारेल, साडेतीन काय?

निताचा हात अजून कातड्यावर होता. उचल म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तिने उचलला नव्हता. चतुराबाई त्याच्याकडे बघत होती. राग होता, कोठीभर होता; पण तो ज्याच्यावर टाकावा असा माणूस समोर शोधताना तिला पहिल्यांदाच धाप लागली, आणि आपला हात आपण केव्हाचा पदराआड धरून बसलो आहोत, हे तिला आता कुठे कळलं.