मनोरीच्या छपराची तारीख

विमा कंपन्यांसाठी पडझड तपासण्यात नंदकुमारची बत्तीस वर्षं गेली होती. माणसांपेक्षा त्याचा लाकडावर विश्वास. लाकूड खोटं बोलत नाही आणि चहाचा आग्रहही करत नाही.

मनोरीला विमलाताईंकडे मात्र आधी चहा घ्यावाच लागला. मग तो शिडीवर चढला. मधल्या खोलीवरची कौलं गेलेली, वर ताडपत्री, वासा मोडलेला. मोडल्या जागी हिरवंगार शेवाळ.

"कधी मोडलं म्हणालात?"

"एकोणीस मेच्या वादळात."

विमा एक मेपासूनचा. जुनं मोडकं छप्पर आणि नवाकोरा विमा, ही जोडी नंदकुमारनं पुष्कळदा पाहिली होती.

"आणि कंपनीला कळवलंत जूनमध्ये?"

"सुतक होतं ना, साहेब. आमचे हे सतराला गेले. शेजारी म्हणाले, फोटो तरी काढ. म्हटलं, घरात माणूस गेलंय आणि मी छपराचे फोटो काढत फिरू?"

नंदकुमारनं 'फोटो नाहीत' असं लिहिलं आणि खाली उतरला. बरोबर भोकाखाली फरशीवर तेलाचं काळं वर्तुळ होतं.

"हे काय सांडलंय?"

"यांचा दिवा. इथेच खाट होती, इथेच गेले. दहा दिवस दिवा ठेवला. तिसऱ्या दिवशी वादळानं कौलं उडवली, धो धो पाणी आत. दिवा हलवायचा नसतो. मग मी आणि सूनबाई आळीपाळीनं छत्री धरून बसलो."

नंदकुमारनं वर पाहिलं, खाली पाहिलं. उघड्या छपराखाली आजारी माणसाची खाट कोण टाकेल? सतराला छप्पर शाबूत होतं. आणि शेवाळाचं काय, कंपनीनं त्याला पाठवायलाच ऑगस्ट लावला होता. दोन महिने पाऊस पिऊन कोणीही हिरवं होईल.

"विमलाताई, मृत्यूचा दाखला लागेल."

त्या एकदम ताठ झाल्या. "छपरासाठी? त्यांचं मरण कौलांच्या कामाला लावू?"

"सतराला छप्पर होतं, हे दुसऱ्या कशानं सांगू? माझ्याकडे तेवढाच पुरावा आहे."

विमलाताईंनी वर ताडपत्रीकडे पाहिलं.

"ही कौलं त्यांनीच चढवली होती," त्या म्हणाल्या आणि कपाटाकडे गेल्या.

नंदकुमारनं दाखल्याचा फोटो काढला. नुकसानीची तारीख: एकोणीस मे. पुरावा: विमाधारकाच्या पतीचा मृत्यू. एवढं लिहून त्यानं सही केली. मान वर केली तेव्हा ताडपत्री ठिबकत होती आणि विमलाताई दाखला पदराखाली धरून उभ्या होत्या.