पप्पांचा एकच शब्द

पप्पांना झटका आला आणि सगळी भाषा गेली. उरला एकच शब्द, कीप. तोही इंग्रजी. तीस वर्षं त्यांनी शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि या एका क्रियापदावर ते अख्खा तास घ्यायचे. कुत्रा पाळा, शब्द पाळा, गुपित राखा, गप्प बसा, चालत राहा, सगळीकडे कीप. फळा भरून जायचा. मी मागे बसून जांभया द्यायचे. नंतर शाळाच सोडली.

शाळा सोडली म्हणजे घरात रिकामी. रिकामी म्हणजे पप्पांजवळ. असं कोणी ठरवलं नाही, झालं आपोआप.

पप्पा नुसतं कीप म्हणाले की पाणी. लांबवून म्हणाले की उशी सरकवायची. भुवई वर गेली तर पंखा कमी. दोनदा पटपट म्हणजे आत्याला बाहेर काढ, तिची बडबड पुरे. हे फक्त मला कळतं. आत्या त्यांची सख्खी बहीण, पण कीप ऐकलं की सरळ चमचा तोंडात कोंबते.

मला लिफ्ट दुरुस्तीच्या ट्रेनिंगला जागा मिळाली. दुसऱ्या शहरात, हॉस्टेलवर, सोमवारपासून. दादा म्हणाला, पप्पांचं काय? मी म्हटलं, शिकवते ना तुम्हाला, त्यात काय विमान उडवायचंय?

चार दिवस बसून यादी केली. एकतीस अर्थ. आवाज कसा, हात कुठे, डोळे कुठे. मोठ्या अक्षरात लिहून कपाटावर चिकटवली. आत्याने चष्मा लावून वाचली आणि म्हणाली, बाई गं, एवढं तर मी दहावीलाही पाठ केलं नव्हतं.

दादाने यादीचा फोटो डॉक्टरांना पाठवला. रविवारी दुपारी तो पप्पांच्या पलंगावर येऊन बसला, फोन माझ्या नाकासमोर धरला.

"बघ ठिणगे, डॉक्टर म्हणतात, असं नर्सलाही जमत नाही. आता तूच सांग, तुझ्याशिवाय कोण करणार?"

सुटायला केलेली यादी माझ्याच गळ्यात पडली. तुला डोळे नाहीत का, मी म्हटलं. तो म्हणाला, मला नोकरी आहे. तुला काय आहे, हे विचारलं नाही, तेवढे उपकार.

तेवढ्यात पप्पा म्हणाले, "कीप."

दादा आणि उशाशी बसलेली आत्या, दोघंही माझ्याकडे वळले. पप्पांच्या डाव्या पायाचा अंगठा हलत होता. म्हणजे लघवीचं भांडं, लगेच. यादीत लिहिलं होतं, पण यादीकडे दोघांचीही पाठ होती.

"काय म्हणतायत?" दादाने विचारलं.

"म्हणतायत, हिला जाऊ दे."

आत्या माझ्याकडे बघतच राहिली. दादा पप्पांवर वाकला. "पप्पा, खरंच पाठवू? तसं नसेल तर कीप म्हणा."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. अंगठा अजून हलत होता. त्यांनी ओठ घट्ट मिटले, गळ्याची शीर फुगली. मग अंगठा थांबला.

दादा जरा वेळ वाट बघून उठला. "जा मग," म्हणाला.

मी भांडं काढलं नाही. आत्याला वास आला तेव्हा चादर पार भिजली होती. "अरे, सांगायचं तरी," ती पप्पांवर डाफरली. पप्पा छताकडे बघत होते.

मी आत्याला बाजूला केलं, त्यांना कुशीवर वळवलं आणि चादर ओढून काढली. बाहेर दादा स्टुलावर चढून माळ्यावरून माझी बॅग काढत होता.