प्रार्थनेच्या पेटीची किल्ली

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. चर्चच्या दाराशी भिंतीवर टांगलेली. मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते. तुमच्यातले किती जण त्या लायकीचे आहेत, ते मी चांगलं ओळखून आहे.

एका मोडक्या बाकाच्या फळ्यांतून सुताराने मला घडवलं. बाक होते तेव्हा उपदेशात डुलक्या काढणाऱ्यांचं ओझं मी तीस वर्षं सोसलं. सुताराने वर फट ठेवली, खाली कुलूप लावलं आणि रंगवलं: ‘प्रार्थना विनंती’. लोक चिठ्ठ्या टाकू लागले. कुणाचं ऑपरेशन, कुणाची परीक्षा, कुणाचा रुसलेला भाऊ. मी सगळं पोटात ठेवलं. पाळकसाहेब म्हणायचे, “ही पेटी म्हणजे मंडळीचा कान आहे.” काय फुशारले होते मी!

पण किल्ली कुणाकडे दिली? भगिनी मंडळाच्या अध्यक्षबाईंकडे! सगळे त्यांना किल्लीबाई म्हणत. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. शनिवारी चिठ्ठ्या काढून “अगं बाई!” म्हणायचं आणि रविवारी डोळे मिटून, हात जोडून, प्रार्थनेत सगळ्यांना कळवायचं. डोळे मिटले की चहाडी पवित्र होते, असं त्यांना वाटे. मेलीला लाज नव्हती.

चर्चचे पडदे शिवणाऱ्या शिवणताईने एकदा चिठ्ठी टाकली: ‘चार महिने झाले, मुलाची दारू सुटली आहे. सोमवारी तो छापखान्यात कामाला लागतोय. टिकावा म्हणून प्रार्थना करा. कृपया कुणाला सांगू नका.’

रविवारी किल्लीबाई उभ्या राहिल्या. “हे प्रभो, आमच्या शिवणताईंच्या दारुड्या मुलाला सांभाळ. उद्या छापखान्यात त्याचा हात थरथरू देऊ नकोस.”

तिसऱ्या बाकावर छापखान्याचे मालक बसले होते. त्यांनी डोळे मिटले होते, कान नाही. बाहेर पडताना माझ्याच खाली ते म्हणाले, “ताई, आधी बोलला नाहीत. आमच्याकडे कागद कापायचं मशीन असतं. मुलाचं पुढे बघू.”

“मी तर प्रार्थनाच केली हो!” किल्लीबाई म्हणाल्या. भिंतीवरून सुटावं आणि त्यांच्या पायावर आदळावं, असं मला वाटलं. पण खिळा घट्ट होता.

त्या आठवड्यात पाळकसाहेब ताईला समजवायला लागले, “हे बघ ताई, देवाची इच्छा...”

“साहेब, आधी ऐका,” ती म्हणाली.

ते दाराजवळच्या बाकावर बसले. ती बोलली, रडली, पुन्हा बोलली. त्यांनी मध्ये एक शब्द काढला नाही. मग किल्लीबाईंकडून किल्ली परत घेतली आणि ताईच्या हातात दिली.

महिन्याभराने घडी घालघालून बोटाएवढी केलेली एक चिठ्ठी माझ्यात पडली. ‘माझी मुलगी नवऱ्याला सोडून आली आहे. कुणाला सांगू नका.’ नाव नव्हतं. पण चर्चच्या नोटीस बोर्डावर किल्लीबाईच लिहीत; ते अक्षर कुणीही ओळखलं असतं. किल्ली पाळकसाहेबांकडेच आहे, असा किल्लीबाईंचा समज होता. शनिवारी ताईला कुलूप उघडताना पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

ताईने चिठ्ठी वाचली, गायनपुस्तकात ठेवली. मी मनात ओरडत होते, ‘बोल, ताई! उद्या सगळ्यांसमोर बोल! चांगली जिरव तिची!’

रविवारी ताई प्रार्थनेला उभी राहिली. किल्लीबाईंचे डोळे टक्क उघडे होते. ताईने चिठ्ठी ठेवलेलं गायनपुस्तक मिटलं.

“प्रभो, तू ऐकलं आहेस. आमेन,” एवढंच म्हणून ती बसली.

किल्लीबाई पदर तोंडाला लावून रडल्या. ताईने माफ केलं असेल. मी नाही. छापखान्यात आज दुसऱ्याच कुणाचा तरी मुलगा कागद कापतो.

तेव्हा मित्रांनो, कुणी विश्वासाने मन मोकळं केलं तर नीट ऐका, आणि देवाशी बोलताना शेजाऱ्याला ऐकवू नका. माझा खिळा आता बराच सैल झालाय.