पेवाची माती

सत्यभामाबाईंच्या घरात धान्य मोजताना ‘एक’ असं कधी कुणी म्हणत नसे. पहिल्या मापाला म्हणायचं ‘लाभ’, मग पुढे दोन, तीन, चार. अंजली लग्न होऊन आली त्या पहिल्याच महिन्यात तिने सासूला विचारलं होतं, “आत्याबाई, एक म्हटलं तर काय होतं?”

“कमी पडतं.”

“किती?”

सत्यभामाबाईंनी मापटं खाली ठेवलं आणि सुनेकडे नीट पाहिलं. “बी. एस्सी. केली म्हणतेत ना तू हिंगोलीला? मग तूच सांग.”

त्याला आता चार वर्षं होत आली. उत्तर काही अंजलीला सापडलं नव्हतं, पण विचारायची खोडही गेली नव्हती. काडेपेटी वाचावी म्हणून सासू रोज चुलीतला निखारा राखेत झाकून ठेवायची, तर हिने कुठल्या लाकडाचा निखारा किती टिकतो ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं. बाभळीचा अकरा तास, गोवरीचा सात. सत्यभामाबाईंना त्याची गंमत वाटायची. “निखाऱ्याची जन्मपत्रिका मांडून राहिली बाई माझी सून,” असं त्या शेजारणीला सांगायच्या, पण त्या दिवसापासून राखेत घालायला बाभळीचंच खोड शोधायच्या.

२००३ चा उन्हाळा मात्र गमतीचा नव्हता. अंजलीचा नवरा अंगद कोसभरावरच्या जवळा बाजारला एका जिनिंगमध्ये रुईच्या गाठी बांधायच्या कामावर होता. ते जिनिंग शिमग्यालाच बंद पडलं. कापूसच आला नाही, तर माणसं ठेवून करू काय, असं मालक म्हणाला, आणि त्यात त्याचंही चूक नव्हतं. मसाजी, म्हणजे अंगदचे वडील, होते तेव्हा दारात शंभर मेंढरं होती. आता दोन शेळ्या होत्या, दोन्ही गाभण. कणगीत तीन डबे ज्वारी उरली होती. डबा म्हणजे तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा. घरात तीन मोठी माणसं आणि दोन वर्षांची राधिका. नवी ज्वारी यायची ती दिवाळीला.

“पुढच्या बाजाराला शेळ्या नेतो,” अंगद एका सकाळी म्हणाला. “ज्वारी तर घ्यावंच लागंल.”

“अहो, दीड महिन्यात त्या विणार. मग दूध सुरू होईल राधिकेला, पिल्लं होतील. गाभण शेळीला बाजारात पोटातल्या पिल्लाचे पैसे कोण देतं?”

“कोणी न्हाई देत. मग काय शेळी बघून भाकर खायची?”

अंजलीची नजर अंगणाच्या कोपऱ्यात गेली. तिथे शेणामातीने लिंपलेली एक चपटी शिळा होती. तिच्याखाली पेव होतं. मसाजींनी पांढरीच्या घट्ट मातीत खणलेलं, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद. अंजलीच्या लग्नाआधीच्या सुगीत ज्वारी चांगली झाली, तेव्हा त्यांनी ते भरून बंद केलं. दोन वर्षांनी ते वारले. पेव भरल्यापासून ती शिळा हलली नव्हती.

“पेव उघडू या की,” ती म्हणाली.

“आईला इचार.”

सत्यभामाबाई ओट्यावर तूर निवडत होत्या. “न्हाई,” त्या म्हणाल्या.

“काहून?” अंगदने विचारलं.

“वेळ न्हाई त्याची.”

“अन् शेळ्या?”

“शेळ्याबी नको इकू.”

“मग आई, तूच सांग काय करायचं ते!”

सत्यभामाबाईंनी तुरीचं सूप पुढे ओढलं. पेवात किती ज्वारी आहे हे अंजलीने आधीही विचारून पाहिलं होतं. पेवाचा आकडा तोंडातून काढायचा नसतो, बरकत जाते, एवढंच उत्तर मिळालं होतं. उघडून पाहावं तर तेही जमण्यासारखं नव्हतं. पेव एकदा उघडलं की सगळं काढावं लागतं. आत हवा शिरली की महिन्या-दोन महिन्यांत दाण्यात सोंडे, म्हणजे किडे पडतात.

न उघडता आत किती आहे हे कसं कळेल? हा प्रश्न अंजलीच्या डोक्यात जो बसला तो भाकरी थापतानाही उठेना. बाजाराला सात दिवस होते.

दुसऱ्या दिवशी ओटा सारवताना तिने सहज विचारलं, “आत्याबाई, ही पांढरी माती कुठली? आपल्या वावरात तर काळी आहे.”

“ती पेवाची. पेव खणलं तेव्हा निघाली, ती तुझ्या मामाजींनी इथं घातली अन् चोपून ओटा केला. बाहीरची एक पाटी घातली न्हाई.”

अंजलीचा हात सारवणातच थांबला.

खड्ड्यातून निघाली तेवढीच माती ओट्यात होती. म्हणजे ओटा जेवढा, पेव तेवढं. जमिनीच्या आतली गोष्ट मसाजींनी जमिनीवर मांडून ठेवली होती आणि चार वर्षं ती तिच्यावर बसून तूर निवडत होती! तिने सुतळीने ओटा मोजला. लांबी नऊ फूट, रुंदी चार, उंची दोन. त्यातून कडेच्या दगडांची जागा वजा केली. मग डब्याची लांबी-रुंदी घेतली, एक डबा ज्वारी शेजारच्या रुख्मिणीबाईंच्या काट्यावर तोलली. साडेतेरा किलो भरली. वहीत दोन पानं खर्ची पडली आणि उत्तर आलं, नव्वद डबे. वर चार निघत होते, ते तिने चोपलेल्या मातीसाठी सोडून दिले.

नव्वद! घराला रोज दीड किलो लागते. दिवाळीपर्यंत वीस डबे म्हणजे पुष्कळ झाले.

ती धावतच सासूकडे गेली आणि ऐनवेळी आकडा ओठांवरून मागे घेतला. बरकत जाते यावर तिचा विश्वास नव्हता, पण सासूचा होता. “आत्याबाई, मला कळलं. भरपूर आहे आत. आपल्याला पुरून उरेल.”

“तेच तर हाय ना पोरी,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “उरलेलं कुठं ठेवशील?”

मग त्यांनी पहिल्यांदा नीट सांगितलं. पूर्वी गावात सात पेवं होती. एका वर्षी एकच उघडायचं. ज्याचं उघडेल त्याच्याकडून सगळी घरं ज्वारी न्यायची आणि सुगीला तेवढीच नवी आणून त्याच्या पेवात टाकायची. खाणाऱ्यांनाही सोय, आणि जुनं धान्य निघून पेवात नवं पडायचं. आता बाकीची सहा पेवं बुजली. लोक दुकानातून आणतात. “पेवाच्या ज्वारीला आंबूस वास येते. बाजारात कोणी घेत न्हाई. आपण वीस खायची अन् बाकी सोंड्यानं? त्यापेक्षा मिटलेलं बरं. मामाजींची मेहनत हाय ती.”

“पण यंदा सगळ्यांचीच तकलीफ आहे. विचारलं तर नेतील.”

“मी न्हाई जात कोणाच्या दारात, आमची ज्वारी खा म्हणून सांगाया.”

“मी जाते.”

सत्यभामाबाई निवडलेली तूर पुन्हा निवडू लागल्या. नाही म्हणाल्या नाहीत.

अंजली दोन दिवस राधिकेला कडेवर घेऊन गावात हिंडली. पहिलं घर रुख्मिणीबाईंचं.

“नव्वद डबे आहेत, मावशी. घरटी सहा नेता येतील. सुगीला सहाच परत करायचे.”

“आत जाऊन मोजून आली का गं?”

“ओटा मोजला.”

रुख्मिणीबाई पदर तोंडाला लावून हसल्या. “अगं बाई! आता ओट्याच्या भाकरी करू आपण!” पण सहा डब्यांना हो म्हणाल्या. किसनरावही हो म्हणाले. त्यांचे दोन्ही लेक गाव सोडून कामाला गेले होते. अकरा घरं झाली. अकरा सक सहासष्ट, आणि घरचे चोवीस. हिशेब इतका चोख बसला की अंजलीने वहीत त्याखाली दोन रेघा ओढल्या. अंगद म्हणाला, “बघू. बाजार परवा हाय. पेवात निघालं तर शेळ्या राहतील, न्हाई तर दावं सोडतो.”

सकाळी शिळा सरकवली तेव्हा निम्मं गाव अंगणात होतं. आतून उबदार, आंबट वाफ आली. किसनराव धोतर खोचून पुढे झाले.

“मागं व्हा किसनराव,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “पेवाचा वारा निघू द्या.” त्यांनी दोरीला बांधून कंदील आत सोडला. हातभर खाली जाताच ज्योत बारीक झाली आणि विझली.

अंजलीला हे ऐकून माहीत होतं, पाहिलं आज. धान्यही श्वास घेतं, ती मनात म्हणत होती. आत कोंडलेल्या दाण्यांनी प्राणवायू संपवला असणार आणि कार्बन डायऑक्साइड सोडला असणार. असणार की आहे? तिने सासूच्या चंचीतला पानाचा चुना पाण्यात कालवला, निवळू दिला, वरचं स्वच्छ पाणी काचेच्या पेल्यात घेतलं आणि पेला फडक्याच्या झोळीत बसवून हळूच आत सोडला. अर्ध्या तासाने वर काढला तर पाणी ताकासारखं पांढरं.

“आगं माय!” रुख्मिणीबाई म्हणाल्या. “पेवानं दूध देल्लं!”

सत्यभामाबाईंनी पेला हातात घेऊन उजेडात धरला, हलवून पाहिला. “हेच का गं ते? माणूस मारते ते?”

“हेच, आत्याबाई. आपण बाहेर सोडतो तोच वायू. आत फार साचलाय.”

“जलमभर कंदीलच इझवत बसले मी. हे बरं हाय. दिसते तरी.”

दिवसभर तोंड उघडं ठेवून सुपाने वारा घातला. दुसऱ्या सकाळी पुन्हा आत सोडलेली चुन्याची निवळी स्वच्छ राहिली, कंदीलही ज्वारीला टेकेपर्यंत जळत गेला. बाजाराचा दिवस उजाडला होता. शेळ्यांची दावी अंगदने मुद्दामच सैल बांधली होती.

तो आत उतरला. पाट्या वर येऊ लागल्या. आधी काळी, ढेकळं झालेली ज्वारी आली, सहा डबे; ती न मोजता बाजूला ओतली. मग लालसर, शाबूत. सत्यभामाबाई माप घेऊन बसल्या. “लाभ... दोन... तीन...”

चाळिसापर्यंत अंजली हसत होती. पन्नासला तिने वही काढली. अठ्ठावन्नला आतून अंगदचा आवाज आला, “झालं. तळाचा कडबा लागला.”

“नीट बघा हो!”

“काय नीट बघू? सगळ्या बाजूनं कडबाच हाय, वीतभर जाड!”

अंजली काठावर वाकली. पेवाच्या भिंतींना गोल, दाबून लावलेला कडब्याचा थर होता, जमिनीचा ओलावा दाण्याला लागू नये म्हणून. तळालाही तसाच. तिने खड्डा मोजला होता, खड्ड्याच्या आतला खड्डा नाही.

“आत्याबाई, कडबा असतो हे तुम्ही बोलला नाहीत.”

“मला कुठं इचारलं? तू ओट्याला इचारलं.” मग त्यांचा आवाज उतरला. “किती सांगितले तू लोकांना?”

“नव्वद.”

“मला बोलली असती तर तिथंच म्हणले असते, पोरी, तेवढे कधी निघत न्हाईत.”

अंजलीने वही मिटली. घरात आकडा बोलायचा नाही म्हणून तिने तो गावभर सांगितला होता, आणि तो चुकला आहे हे सांगू शकणारं एकच माणूस घरात होतं.

अंगद वर आला. अंगाला भुसा, डोळे लाल. तो हळूच म्हणाला, “आधी आपले चोवीस काढा. पेव आपलं हाय.”

“मग अकरा घरांना किती?” सत्यभामाबाईंनी विचारलं. बोलताना त्या सुनेकडे पाहत होत्या. “शब्द तू देल्ला. तूच सांग.”

किसनरावांनी आणलेलं रिकामं पोतं हळूच घडी करून काखेत घेतलं. ते अंजलीने पाहिलं. सहा-सहा दिले तर सगळ्यांना पुरत नव्हतं आणि घरात दाणा राहत नव्हता. चोवीस ठेवले तर घरटी तीन. तिने वहीत नव्हे, बोटांवर मोजलं. चार-चार दिले तर चव्वेचाळीस; घरात चौदा. कणगीतले तीन धरून सतरा. रोजची दीड किलो. पाच महिने. दसरा पार पडत होता, दिवाळीला काही दिवस कमी.

“माझं मोजायचं चुकलं,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “सहा नाही, चार मिळतील. चारच परत करा.”

“चार काय कमी हायेत?” रुख्मिणीबाई म्हणाल्या. “ओट्याच्या भाकरीपेक्षा बऱ्या!” हसू फुटलं. किसनरावांनी पोतं पुन्हा उलगडलं.

अंगद शेळ्यांजवळ गेला. “दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस?”

“तेव्हा पिल्लं तीन महिन्यांची झालेली असतील,” अंजली म्हणाली. “बोकड झाला तर तो विका. शेळ्या नका.”

“अन् बोकड न्हाईच, दोन्ही पाठीच झाल्या तर?”

“ते मला माहीत नाही.”

हे उत्तर अंगदला का कोण जाणे पटलं. त्याने दावी घट्ट बांधली आणि काळ्या ज्वारीचं एक टोपलं शेळ्यांपुढे ओतलं.

संध्याकाळी अंगण रिकामं झाल्यावर अंजली कंदील घेऊन स्वतः पेवात उतरली. जुना कडबा तिने उपसून वर दिला. मातीच्या भिंतीवर मसाजींच्या कुदळीचे वार अजून स्पष्ट होते, एकसारखे, तिरपे. ती वितीने भिंत मोजू लागली.

वरून सत्यभामाबाई डोकावल्या. “काय करून राहिली?”

“मोजते. सुगीला किती मावेल ते.”

त्या हटकतील असं अंजलीला वाटलं. त्या कडेला बसल्या, पाय पोटाशी घेतले.

“मग लाभापासून मोज,” त्या म्हणाल्या. “अन् कडब्याची वीत सोडून.”