हिरोचा मळका शर्ट

चहाचा कप मॅनेजरने स्वतःच्या हाताने पुढे सरकवला, वर साखर पुरेशी आहे का असंही विचारलं. तेव्हाच डागमावशीने ओळखलं, की हा चहा फुकटचा नाही.

सौदा तसा वाईट नव्हता. तिच्या पदरात पडणार होती पडद्यावरची एक ओळ. चित्रपट संपल्यावर जी नावं खालून वर सरकत जातात, त्यांत एक नाव तिचं. तेव्हा लोक खुर्चीखाली चपला शोधत असतात, हे तिला ठाऊक होतं. पण ओळ ती ओळच. उभा जन्म स्टुडिओत गेला आणि तिचं नाव हजेरी घेणाऱ्यापलीकडे कुणाच्या तोंडी आलं नव्हतं. बदल्यात मॅनेजरला हवं होतं ते एवढंच, की मावशीने काही करू नये. मेख तिथेच होती.

मावशीचं काम कपडे मळवायचं. दुकानातून आलेला कोरा शर्ट ती चहाच्या पाण्यात बुडवी, कॉलर आणि कोपरं काचकागदाने घासे, खिसा लोंबावा म्हणून ओल्या शर्टाच्या खिशात दगड ठेवून तो वाळत घाली. मग राख, मशीनचं तेल, मेण. आठवड्या-दोन आठवड्यांत तो शर्ट असा दिसे, की घालणाऱ्याने दहा वर्षं त्यातच काम केलंय. असा शर्ट खुंटीला लागला, की हँगरला लाल चिंधी बांधायची. लाल चिंधी म्हणजे धुवायचं नाही. धुलाईच्या शेडमध्ये पाऊल टाकणारीला पहिला धडा हाच मिळे.

आत्ताचा चित्रपट प्रेमाचा होता आणि संपाचाही. हिरो कारखान्यातला कामगार, हिरॉइन मालकाची मुलगी. दोघं फाटकाशी भेटतात, संप चिघळतो तसं प्रेम वाढतं. हिरोचा शर्ट मावशीने जीव ओतून मळवला होता. डाव्या बाहीवर घामाचा डाग जास्त, कारण उजव्या हातात पाना असतो आणि कपाळ डाव्या बाहीने पुसलं जातं. तिच्या नवऱ्याचे शर्ट असेच मळत. त्यानेही एकदा संप केला होता. त्याला हिरॉइन मिळाली नव्हती, घरी मावशी होतीच. नोकरी मात्र गेली.

"आमचा संप उपासाने नाही मोडला," तो पुढे म्हणत असे. "साहेबाने एकेकाला वेगळं बोलावून चहा पाजला, तिथे मोडला."

मावशीने मॅनेजरचा चहा पिऊन टाकला. केलेला चहा टाकायचा कशाला!

शेडमध्ये धुवायला तिघी होत्या. थोरली, मधली आणि धाकटी. नात्यागोत्याच्या नव्हेत, ज्या क्रमाने कामाला लागल्या, त्या क्रमाने नावं पडलेली. कापड पांढरं करायच्या औषधाने धाकटीचे दोन्ही हात मनगटापर्यंत भाजले होते. हातमोजे मागून मागून तिघींची तोंडं दुखली होती, मिळाले नव्हते. मॅनेजरने तिला सांगितलं, बरे झाले की ये, आणि तिच्या जागी दुसरी बघायला लागला. तेव्हा थोरली आणि मधली अडून बसल्या. मोजे द्या, आणि हात बरे होईपर्यंत धाकटीची जागा धाकटीचीच ठेवा, नाहीतर परवापासून काम बंद. मावशी त्यांच्या बाजूने उभी राहिली तर दिग्दर्शकालाही ऐकावं लागलं असतं. म्हणून तर चहा.

"तुम्ही कलाकार माणूस," मॅनेजर म्हणाला. "त्यांच्यात कशाला पडता? त्यांचं काम कपडे धुणं. तेवढं करावं. डोकं चालवायला आम्ही आहोत."

"सांगते त्यांना," मावशी म्हणाली. "धुवा म्हणून."

मॅनेजर खूश झाला.

इथवर मावशीची चाल बिनचूक होती. चूक केली ती संध्याकाळी. न राहवून तिने लेकीला फोनवर सांगून टाकलं, की या वेळी नाव लागेल बहुतेक. लेकीच्या घरी मावशीच्या नोकरीची जरा थट्टाच होई. विहीणबाई आल्यागेल्याला सांगत, "सुनेची आई सिनेमात असते. कपडे खराब करते." लोक हसत, सून चहा ठेवायला उठे. फोनवर लेक म्हणाली, "लागू दे गं आई एकदा. या सगळ्यांना घेऊन येते मी."

मावशीला झोप लागली नसेल असं कुणाला वाटेल, पण ती गाढ झोपली. ठरवलेल्या माणसाला झोप लागते.

दुसऱ्या दिवशी चित्रीकरण नव्हतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी शेवटचा मोठा प्रसंग होता: संपकऱ्यांचा विजय, हिरोच्या मिठीत हिरॉइन. सगळे कपडे शेडमध्ये टांगलेले, प्रत्येकावर लाल चिंधी. हाताला पट्ट्या बांधलेली धाकटी पालथ्या बादलीवर बसली होती. घरी बसवत नाही म्हणून यायची.

मावशीने पहिल्या हँगरची चिंधी सोडली. मग दुसऱ्याची.

"मावशी, अहो काय करताय?" मधली पुढे धावली.

"वरून हुकूम आहे. तुमचं काम कपडे धुणं, तेवढं करायचं. डोकं चालवायचं नाही."

थोरलीला आधी उमगलं. तोंडावर हात दाबून ती हसायला लागली. धाकटी हसली नाही. तिला नावाचं ठाऊक होतं; स्टुडिओत भिंतींनाही कान असतात.

"तुमची ओळ जाईल मावशी. माझ्यापायी नको."

"तू गप बस. तुझ्यापायी कशाला? इतकी वर्षं मळवतेय, एकदा धुवून बघू दे."

हिरोचा शर्ट तिने कुणाच्या हाती दिला नाही. स्वतः साबण लावला, डावी बाही स्वतः चोळली. पहिल्या पाण्यात राख गेली, दुसऱ्यात तेल. चहाचा रंग चिवट. तो हटेना, तेव्हा हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून तिने औषध घातलं. डाव्या बाहीवरच्या घामाच्या डागापाशी तिचा हात जरा थांबला. मग तिने तोही घासून काढला.

पुढच्या सकाळी महिनाभर उपाशी असलेले शंभर संपकरी लग्नाला निघाल्यासारखे फाटकापाशी उभे राहिले. कपड्यांना कडक इस्त्री होती. इस्त्रीवाल्यानेही आपलं काम तेवढं केलं होतं. हिरो लखलखीत शर्टात आला आणि हिरॉइनला हसू आवरेना. दिग्दर्शक मॅनेजरकडे बघत राहिला. डिझायनर बाईंनी ब्रश घेऊन रंगाचे डाग मारून पाहिले. हिरो घर रंगवून आल्यासारखा दिसू लागला.

मॅनेजर शेडमध्ये आला तो धापा टाकत. "कुणी सांगितलं हे धुवायला?"

"तुम्हीच," मावशी म्हणाली. "मी निरोप जसाच्या तसा दिला. पुन्हा मळवायचं, तर आधी मोजे आणि धाकटीची जागा."

दुपारच्या आत मोजे आले, कोपरापर्यंत येणारे. दिग्दर्शकासमोर मॅनेजरने कबूल केलं, की धाकटीची जागा तिचीच राहील आणि मधल्या दिवसांचा खाडा धरायचा नाही. मावशीने ते त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, दुसऱ्यांदा जरा मोठ्याने. तो जाताना वाकून हळूच म्हणाला, "नावाचं विसरा आता."

"ते कालच धुतलं."

मग मावशीने बाह्या सरसावल्या. राखेची पोती आली, चहाची पिंपं उकळली. गर्दीतली माणसं सांगितल्याबरोबर मातीत लोळली, त्यांना मजाच वाटली. हिरोचा शर्ट तिने पुन्हा मळवला, या वेळी घाईघाईने, पण डावी बाही जास्त.

चित्रपट लागला तेव्हा लेक सासूला घेऊन आली. आईने नको नको म्हटलं होतं, पण नको का ते सांगितलं नव्हतं. मावशीच्या दुसऱ्या बाजूला धाकटी बसली. पडद्यावर मालकाचं मन मुलीच्या आसवांनी पाघळलं आणि सगळ्या मागण्या मान्य झाल्या. थिएटरभर रुमाल निघाले. मावशीच्या मनात आलं, नवऱ्याच्या युनियनला हे आधी कळलं असतं, तर मालकाला मुलगी आहे का एवढंच विचारून घेतलं असतं.

मग नावं सरकू लागली. कुत्रा शिकवणाऱ्याचं आलं, चहा पुरवणाऱ्याचं आलं, मॅनेजरचं तर दोनदा. विहीणबाई शेवटपर्यंत चष्मा सावरून बघत राहिल्या. पडदा कोरा झाला.

"राहिलं वाटतं तुमचं," त्या म्हणाल्या. दुष्टपणाने नव्हे. तेच जास्त लागलं.

धाकटीने तोंड उघडलं. मावशीने तिचा हात दाबला. सुरकुतलेली गुलाबी कातडी हाताला लागली.

"राहिलं," मावशी म्हणाली.

बाहेर आल्यावर विहीणबाई धाकटीशी बोलत पुढे गेल्या. लेक मागे राहिली.

"मला सांगितलंय तिने सगळं, आत जायच्या आधी. आई, मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

लेकीने पायऱ्या उतरेपर्यंत विचार केला. "धुवू नको म्हटलं असतं."

"म्हणून नाही विचारलं."

आईच्या हातातली पिशवी लेकीने आपल्या हातात घेतली आणि सासूला गाठायला भरभर चालू लागली.

पुढच्या चित्रपटाला धाकटीला बोलावणं आलं, मोज्यांसकट. मावशीला आलं नाही, पण ती किंमत तिने समजून उमजून मोजली होती. विहीणबाईंच्या घरी मात्र अजून कुणी आलंगेलं, की सिनेमाची गोष्ट निघते, लोक हसतात, आणि सून चहा ठेवायला उठते.