माझ्या सोंगट्या मला परत

भिंगरीला घरात कुणी खऱ्या नावाने हाक मारत नसे. लहानपणी एका जागी पाच मिनिटं बसायची नाही, म्हणून मावशीने ठेवलेलं हे नाव बत्तिसाव्या वर्षीही तिला चिकटून होतं. आणि गंमत अशी, की पोटापाण्यासाठी तिने धंदा निवडला तो लोकांना एका जागी बसवून ठेवण्याचा. ती पटावरचे खेळ तयार करायची. आधीचे दोन बाजारात होते. मधमाश्यांचा बरा चालला. कचरा वेगळा करण्याचा लोकांनी एकमेकांना वाढदिवसाला भेट दिला आणि कुणीच उघडला नाही.

तिची कामाची खोली एका खोकी बनवायच्या कारखान्याच्या वर होती. खालचं कापायचं मशीन सुरू झालं की वरचं टेबल थरथरायचं आणि मांडलेला फासा आपोआप कूस बदलायचा. कारखान्याचा मालक तिच्याच वयाचा. सगळे त्याला पुठ्ठेवाला म्हणत. सहा फूट उंच, फळ्यांसारखे हात, आणि दिवसाला मोजून तीन वाक्यं. तिच्या खेळांची खोकी तोच करायचा, आणि न मागता त्यातल्या चुकाही काढायचा.

एके सकाळी जवळच्या शाळेच्या समुपदेशक बाई धापा टाकत जिना चढून आल्या. त्यांचं म्हणणं असं, की वरच्या वर्गांत प्रेमप्रकरणांना तोटा नाही. त्यातली काही बिघडतात आणि बिघडली आहेत हे ज्याचं त्यालाच कळत नाही. बाईंनी या विषयावर भाषण देऊन पाहिलं होतं, तेव्हा मुलांनी पंख्याची पाती मोजली. आता त्यांना खेळ हवा होता. पण अटी होत्या. मारामारी नको, कुणी मरायला नको, कुणाला लोळवून जिंकायला नको. वाईट माणसाला शिंगं नकोत. आणि मुलगा म्हणजे दुष्ट, मुलगी म्हणजे बिचारी, असंही नको.

"मग खेळात उरलं काय?" भिंगरीने विचारलं.

"तेच तर तुम्ही शोधायचं," बाई म्हणाल्या आणि जिना उतरायला नव्याने शिकत असल्यासारख्या हळूहळू पायऱ्या उतरून गेल्या.

भिंगरी कामाला लागली. पंधरा दिवसांत पट तयार, पत्ते तयार. पत्त्यांवर प्रश्न होते. ‘तो तुझ्यावर ओरडतो. काय करशील?’ ‘ती तुला सगळ्यांसमोर मूर्ख म्हणते. काय करशील?’ शाळेत दहा मुलांना खेळायला बसवलं, तर दहाही जणांनी सातव्या मिनिटाला सगळी बरोबर उत्तरं देऊन खेळ संपवला. एकाने विचारलं, यात गुण आहेत का. भिंगरीचा चेहरा पाहून एका उंच मुलीला दया आली असावी. ती म्हणाली, "ताई, पहिल्याच दिवशी ओरडायला कोण येतं? पहिले तर सगळे गोडच बोलतात."

मग काय बोलतात, असं भिंगरीने विचारलं आणि वहीचं पान उलटलं. मग एकाने एक वाक्य सांगितलं, दुसरीने त्यावर दुसरं, आणि बघता बघता सगळे एकमेकांना तोडत सांगू लागले. तासाची घंटा झाली तेव्हा तिच्या वहीत चाळीस वाक्यं होती. परतताना बसमध्ये तिने ती वाचली आणि तिला घाम फुटला, कारण त्यातली निम्मी तिलाच आवडली.

भिंगरी राहायची मावशीकडे. मावशी सत्तावन्न वर्षांची, दातांच्या दवाखान्यात वेळा द्यायचं काम करणारी. फोनवर तिचा आवाज ऐकला की अर्ध्या लोकांची दाढ दुखायची थांबते, असं डॉक्टर म्हणत. काका जाऊन नऊ वर्षं झाली होती. गेल्या आठ महिन्यांपासून मावशीला एक मित्र मिळाला होता, कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानाचा मालक. घरात त्याला चष्मेवाले म्हणत. सकाळी उठलीस का म्हणून त्यांचा फोन यायचा, दुपारी जेवलीस का म्हणून, आणि दवाखाना सुटायच्या पाच मिनिटं आधी ते दारात हजर. भिंगरीला ते जाम आवडायचे. या वयात इतकी काळजी करणारं कुणी भेटलं म्हणून ती मैत्रिणींना कौतुकाने सांगायची. मावशीने सकाळी फिरायला जाणाऱ्या बायकांचा गट सोडला तेव्हा गुडघ्यांचं कारण दिलं, आणि भिंगरीने ते मान्य केलं.

खेळ तिने नव्याने रचला. प्रत्येकाला सात लाकडी सोंगट्या. झोप, मित्रमंडळी, छंद, काम, घरची माणसं, फोन, आणि सातवी पांढरी, ती म्हणजे स्वतःचं मत. आपल्या उजवीकडचा माणूस आपल्याला एक गोड पत्ता वाचून दाखवणार. त्याचं ऐकलं तर एक सोंगटी त्याच्या वाटीत टाकायची, बदल्यात एक चकचकीत लाल बटण मिळणार. ज्याची बटणं जास्त तो जिंकला असं शेवटपर्यंत वाटत राहील, आणि मग भिंगरी जाहीर करणार की ज्याच्याकडे सोंगट्या उरल्या नाहीत तो हरला.

पुठ्ठेवाल्याने पट उलटसुलट करून पाहिला. "ही फसवणूक झाली," तो म्हणाला. "हरल्यावर कळलं, तर बाहेर कसं पडायचं हे कधी कळणार?" दिवसाची दोन वाक्यं त्याने यातच खर्च केली. आधी खेळून तर पाहू, असं म्हणून भिंगरीने वेळ मारून नेली.

रविवारी दुपारी मावशीच्या जेवणाच्या टेबलावर चौघं बसली. मावशी, समुपदेशक बाई, पुठ्ठेवाला आणि भिंगरी. पुठ्ठेवाला मावशीच्या उजवीकडे होता. त्याने पहिला पत्ता उचलला, घसा साफ केला आणि इतक्या मऊ आवाजात वाचलं, "तू नसलीस की मला घास गोड लागत नाही गं. आजचा दिवस मैत्रिणींना नाही म्हण ना," की बाईंच्या नाकातून चहा आला. मावशीने मैत्रिणींची सोंगटी त्याच्या वाटीत टाकली आणि बटण उचलून ओठांना लावलं. त्यानंतर टेबलावर कुणी शुद्धीत राहिलं नाही. बाईंनी तिसऱ्या फेरीत झोप आणि काम दोन्ही देऊन टाकलं, वर भिंगरीला दम दिला की मी समुपदेशक असले तरी मला बटणं हवी आहेत. भिंगरी खुर्चीवर गुडघे घेऊन बसली होती, हसून हसून तिचं पोट दुखत होतं. शेजाऱ्यांनी भिंतीवर टकटक केली तरी कुणाचं लक्ष नव्हतं.

पाचव्या फेरीत पुठ्ठेवाल्याने वाचलं, "तुझ्या फोनचा पासवर्ड सांग ना. आपल्या दोघांत लपवण्यासारखं काय आहे?"

मावशी हसली. हसता हसता तिने फोनची सोंगटी उचलली, आणि हात वाटीवर तसाच राहिला.

"हे वाक्य तुला कुणी दिलं?" तिने भिंगरीला विचारलं.

"शाळेतल्या एका मुलीने. सोळा वर्षांची आहे."

"सोळा," मावशी म्हणाली. "मला सत्तावन्नाव्या वर्षी ऐकवलं. अक्षर न् अक्षर हेच."

टेबलावरचं हसू एकदम ओसरलं. मावशीने आपल्यासमोर उरलेल्या सोंगट्या मोजल्या. दोनच होत्या. मग ती पुढे वाकली आणि पुठ्ठेवाल्याच्या वाटीतून आपल्या सोंगट्या एकेक करून काढू लागली. मैत्रिणी. झोप. छंद.

"मावशी, तुम्ही असं करू शकत नाही," पुठ्ठेवाला चाचरत म्हणाला. "नियमात नाही ते."

"मग नियमात घाल."

त्याने वाटीच तिच्याकडे सरकवली.

मग मावशीने सगळं सांगितलं. गुडघ्यांना काहीच झालेलं नव्हतं. फिरायला जाणाऱ्या बायका फार बडबडतात, त्या तुला शोभत नाहीत, असं चष्मेवाल्यांचं मत होतं. फोन ते उघडून बघायचे, प्रेमाने. तिला आवडलेली लाल फ्रेम त्यांनी परत कपाटात ठेवली होती, तीही प्रेमाने. भिंगरीचे कान गरम झाले. याच विषयावर तिने महिनाभर डोकं फोडलं होतं, आणि याच टेबलावर रोज त्या माणसाला चहा दिला होता. तिचे डोळे भरलेले पाहून मावशीनेच तिच्या पाठीवर थाप मारली.

"तू कशाला रडतेस? मलासुद्धा तो आवडायचा. अजून आवडतो, हीच तर भानगड आहे."

बाईंनी हळूच विचारलं, त्यांची भीती वाटते का. मावशी विचार करून म्हणाली, भीती नाही. पण हल्ली त्यांना काहीही सांगण्याआधी मी आरशासमोर एकदा म्हणून बघते. एवढं कारण पुरे आहे, असं बाई म्हणाल्या, आणि जे काही बोलायचं ते चार माणसांत, दिवसाउजेडी बोला, असंही सुचवलं.

म्हणून सोमवारी पाच वाजता, दुकानात गिऱ्हाईकं असताना, मावशी चष्मेवाल्यांसमोर उभी राहिली. भिंगरी आणि पुठ्ठेवाला दुसऱ्या टोकाला फ्रेमा बघण्याचं नाटक करत होते. घाईत पुठ्ठेवाल्याने लहान मुलांची निळी फ्रेम डोळ्यांवर चढवली आणि ती त्याच्या कानशिलांत रुतून बसली. मावशीने शांतपणे सांगितलं, की फोनचा पासवर्ड बदललेला आहे, उद्यापासून ती सकाळी बायकांबरोबर फिरायला जाणार आहे, आणि दवाखान्यातून ती एकटी घरी येईल. चष्मेवाले दुखावले. मी काळजी करतो ही माझी चूक झाली का, असं त्यांनी विचारलं. भिंगरीने ओढणीचं टोक तोंडात धरलं, कारण हा पत्ता क्रमांक चार होता. मग ते म्हणाले, त्या बायकांनी तुझे कान भरले. हा अकरावा. मग त्यांनी उसासा टाकला आणि म्हणाले, "तू पूर्वी अशी नव्हतीस."

मावशीला हसू आवरेना. "पूर्वी मी याहून वाईट होते," ती म्हणाली.

ते चिडले. मग आत्ताच ठरव, मी की त्या, असं त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर विचारलं. मावशी म्हणाली की असं विचारलंत तिथेच ठरलं, आणि पर्स उचलून बाहेर पडली. काउंटरवरचा आरसा पुन्हा पुन्हा पुसणाऱ्या त्या माणसाची भिंगरीला थोडी दया आली, पण थांबायला वेळ नव्हता. पुठ्ठेवाल्याच्या डोक्यातून निळी फ्रेम निघत नव्हती. दोन हातांनी ओढून ती काढली आणि दोघं मावशीच्या मागे पळाली.

आठवडाभर निरोप येत राहिले. मावशीने एकदा स्पष्ट उत्तर दिलं आणि मग तो नंबर बंद करून टाकला. एका दुपारी ती उशीत तोंड खुपसून रडली. दुसऱ्या दिवशी फिरून आली ती पायाला फोड घेऊन, आणि बायकांनी सांगितलेल्या सहा महिन्यांच्या साठलेल्या बातम्या तिने भिंगरीला एका दमात ऐकवल्या.

इकडे खेळ भराभर उभा राहू लागला. आता कुणीही, कधीही, कारण न देता टेबलावर हात ठेवून म्हणू शकत होतं, "माझ्या सोंगट्या मला परत." फक्त पांढरी सोंगटी गेली असेल तर ते तोंडातून निघणार नाही. मग दुसऱ्या कुणाला तरी आपली खेळी सोडून विचारावं लागेल, बरी आहेस ना, बरा आहेस ना, आणि शेजारी जाऊन बसावं लागेल, मगच पांढरी परत मिळेल. सगळ्यांच्या सोंगट्या ज्याच्या त्याच्याकडे आल्या की सगळं टेबल जिंकलं. पत्त्यांच्या गठ्ठ्यात भिंगरीला एक अनोळखी पत्ता सापडला, ठळक, वेड्यावाकड्या अक्षरात. ‘जा, मजा कर. आल्यावर सगळं सांग.’ त्यात काहीच मागितलेलं नव्हतं. बटण मात्र मिळत होतं.

"हा कुणी घातला?" तिने खाली जाऊन विचारलं.

"मी," पुठ्ठेवाला मशीनकडे बघत म्हणाला. "सगळेच गोड बोलणारे लबाड नसतात."

भिंगरी वर गेली, परत खाली आली, पुन्हा वर गेली. जिन्यावर तिसऱ्यांदा भेटल्यावर पुठ्ठेवाल्याने तिला विचारलं, की उद्या दुपारी चहाला येतेस का, आणि नको असेल तर नको म्हण. तिने हो म्हटलं, आणि एक पायरी चुकून रेलिंगला लटकली.

शाळेत दुसऱ्यांदा खेळ मांडला तेव्हा असा गलका झाला, की खेळाचे सर भांडण सोडवायला धावत आले. मुलांनी त्यांनाच बसवलं. सरांनी सात फेऱ्यांत सातही सोंगट्या गमावल्या, आणि बरे आहात ना सर, असं आठ जणांनी एकदम विचारल्यावर लाजून लाल झाले. त्या उंच मुलीने शिटी मारली. बाईंनी नंतर एवढंच सांगितलं, की खेळ संपल्यावर एक जण आपणहून त्यांच्या खोलीत येऊन तासभर बसलं. कोण, ते त्या बोलल्या नाहीत.

शाळेने चाळीस संच मागवले. खोकी तयार झाली, पट घड्या घालून बसले, सरसाचा वास जिन्यापर्यंत दरवळला. झाकणावर खाली बारीक अक्षरांत छापलं होतं, ‘वय १४ ते १८’. मावशीने ते वाचलं, कमरेवर हात ठेवले आणि पुठ्ठेवाल्याकडे काळा मार्कर मागितला. आता पुन्हा छापता येणार नाही, असं तो सांगू लागला. मावशीने तोवर पहिल्या झाकणावरचं ‘ते १८’ खोडून वर ‘पासून पुढे’ लिहिलं होतं. मग भिंगरीने दुसरा मार्कर घेतला, पुठ्ठेवाल्याने तिसरा, आणि तिघं जमिनीवर फतकल मारून चाळीस झाकणं खोडायला बसली. पुठ्ठेवाल्याच्या नाकाला शाई लागली. भिंगरीला ते दिसलं, पण तिने सांगितलं नाही.