आळशी ठरवलेल्या पिशवीचं म्हणणं

हो, मीच बोलतेय. उजव्या बरगडीखाली, यकृताला चिकटून लोंबणारी पित्ताची पिशवी. लोक माझं नाव घेतात ते बहुधा मला काढून टाकल्यावर. मी मात्र अजून जागेवर आहे, आणि आळशीपणाचा आरोप मला मुळीच मान्य नाही.

माझी मालकीण क्रेन चालवते. एकशे चौऱ्याऐंशी पायऱ्यांची शिडी चढून ती वरच्या काचेच्या केबिनमध्ये बसते. खालचा इशारेवाला वॉकीटॉकीवर विचारतो, "ताई, उतरताय का? चहा आलाय."

"माझ्या वाटचा तूच पी. मी उतरून परत चढेपर्यंत तुझं जेवण होईल."

तो हसतो. पण खरी अडचण चहाची नाही, लघवीची आहे. वर सोय नाही, आणि उतरलं की मुकादम घड्याळ बघतो. त्यात तिला वयानुसार वारंवार घाई होऊ लागली. डॉक्टरांनी त्यासाठी दिवसाला एक गोळी दिली. कामाचा दिवस मोठा असला की ती आपल्या मनाने दोन घ्यायची.

आता माझं काम ऐका. मालकिणीने तेलातुपाचं खाल्लं की आतड्याकडून मला निरोप येतो. मज्जातंतूंच्या टोकांतून एक रसायन सुटतं. ते माझ्या भिंतीतल्या मऊ स्नायूंवरच्या ग्राहींना, म्हणजे त्या स्नायूंच्या कानांनाच म्हणा, जाऊन भिडतं. या ग्राहींना मस्कॅरिनिक म्हणतात. नाव एका विषारी अळंबीवरून पडलंय, पण माणसं सज्जन आहेत! शरीरात त्यांचे पाच प्रकार. माझ्याकडे मुख्य कारभारी तिसरा, आणि दुसरा त्याच्या हाताशी. तिसऱ्याने ऐकलं की मी आवळते आणि पित्त खाली सोडते.

आणि मालकिणीची गोळी काय करत होती? मूत्राशयातल्या तिसऱ्याचे कान बंद करत होती. पण गोळीला घर नंबर कळत नाही. तिने तोंडातल्या तिसऱ्याचे कान बंद केले, आतड्यातल्याचे केले, माझ्याकडच्याचेही केले.

तोंड कोरडं पडलं म्हणून मालकीण घोट घोट पाणी प्यायची. पाणी प्यायलं म्हणून पुन्हा घाई. घाई म्हणून दुसरी गोळी. मी आपली तुडुंब भरून बसलेली. पित्त दाटलं, गाळ झाला, बरगडीखाली दुखू लागलं.

तपासणीत तिला लोणी लावलेला पाव खायला घालून माझा फोटो काढला. मी निम्मी तरी रिकामी व्हायला हवी होते. जेमतेम दहावा हिस्सा सोडला. निरोप पुरता पोचलाच नाही, तर आवळू कशी?

"पिशवी काम करत नाही," सर्जन म्हणाले. "काढलेली बरी. काही औषधं चालू आहेत?"

"नाही," मालकीण म्हणाली.

खोटं बोलली नाही ती. तिच्या लेखी ती गोळी औषध नव्हतीच. हातमोजे, हेल्मेट, गोळी, सगळं कामाच्या पिशवीतलं सामान.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दुपारी नणंद मदतीला आली. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. दवाखान्यात न्यायची पिशवी भरायला तिने कामाची पिशवी रिकामी केली, तर उजव्या हातमोज्यातून गोळ्यांचं पाकीट पडलं.

"वहिनी, हे काय?"

"ते राहू दे. कामाचं आहे ते."

"कामाचं? अगं, हे औषध आहे! किती घेतेस?"

"एक. कधी कधी दोन."

"आणि सर्जनना सांगितलंस?"

"लघवीचं पोटवाल्याला कशाला सांगू?"

नणंदेने कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या हाताने फोन. सर्जन भला माणूस. म्हणाले, "आधीच कळायला हवं होतं. गोळी थांबवू, तीन आठवडे बघू. मध्ये दुखलं किंवा ताप आला तर लगेच या."

तीन आठवड्यांनी पुन्हा लोणी-पाव. या वेळी तिसऱ्याने निरोप ऐकला, आणि मी अशी आवळले की फोटो काढणारी बाई म्हणाली, "ही तीच पिशवी ना?"

तीच! आधीचीच!

गाळ अजून थोडा आहे. उद्या खडा झाला तर मला काढा, मी हरकत घेणार नाही. पण कान दाबून धरून कुणाला बहिरी म्हणू नका. डॉक्टरांनी विचारलं की पिशव्या, कप्पे, हातमोजे झाडून सगळं सांगा. आणि असली गोळी आपल्या मनाने दुप्पट करू नका, बंदही करू नका.

मालकिणीने मुकादमाला सांगितलंय, "दर तीन तासांनी क्रेन थांबेल. मी खाली येणार."

"आणि काम?"

"तोवर लटकेल."

आत्ता ती उतरतेय. हूक हवेत रिकामा उभा आहे, मुकादम घड्याळाकडे बघतोय. बघू दे. खाली डबा उघडला की माझीही पाळी आहे.